परीक्षकासाठी प्रार्थना

"...आणि हे दयाळू पित्या, ज्या कुणा परीक्षकानं तुझ्या दासाच्या वीस वर्षांच्या श्रमांवर बोळा फिरवला, त्यालाही तू विसरू नकोस. त्याला सुबुद्धी दे. त्याचे डोळे उघड. आणि जमल्यास त्याला थोडं मराठीही शिकव. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. न म्हणून करते काय?

डोळे उघडले तर पोहे पार गार. रेव्हरंड लाजरस अमोलिक अन्नावर आशीर्वाद मागायला उठले तेव्हा बश्यांतून चांगली वाफ निघत होती. पण मग त्यांनी आमच्या घरासाठी मागितलं, जालन्याच्या मंडळीसाठी मागितलं, मिशन दवाखान्यातल्या एकूण एक रोग्यासाठी मागितलं आणि शेवटी त्या परीक्षकापाशी येऊन ठेपले. आई बश्या परत आत न्यायला लागली तशी म्हणाले, "राहू द्या, खरातबाई. गारच बरे. मी आधीच तापलेलो आहे."

सगुणामावशी हसली. दादा, म्हणजे माझे वडील, हसले. ज्याच्यासाठी मला पाहायला आले होते तो रेव्हरंडांचा मुलगा सुमंतही मान खाली घालून हसला. मला काही हसू आलं नाही, कारण तो परीक्षक मी होते.

आता हे कसं झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पोह्यांवरच थांबली.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. धर्मशास्त्राची बी.डी. पदवी घेऊन आले होते आणि आमच्याच गावच्या बायबल स्कूलमध्ये शिकवत होते. तोवर चार स्थळं येऊन गेली होती. एकाला मी उंच वाटले. दुसऱ्याच्या आईनं चार लोकांत सांगितलं, "पोरगी देखणी आहे हो, पण देवळात उपदेश चालू असताना ही टिपणं काढते. आमच्या पाळकाला घाम फुटायचा." तिसऱ्यानं मला विचारलं, "इतकं शिकून तुम्ही करणार काय?" मी म्हटलं, "तुम्हाला समजावून सांगीन." ते स्थळ चहासुद्धा न घेता गेलं. चौथं कशानं मोडलं ते आठवतही नाही, पण त्यातही माझं तोंडच नडलं असणार.

सगुणामावशी आमच्या मंडळीतली बायबल बाई. घरोघरी जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवायचं हे तिचं काम, आणि लग्नं जुळवायची हा तिचा जीव. हे पाचवं स्थळ तिनंच आणलं होतं. आदल्या दिवशी येऊन तिनं मला दम भरला. "सलोमी, या वेळी तोंडाला कुलूप. काय विचारतील त्याला हो म्हण. नाहीतर मी पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

मी कबूल केलं, कारण मला ते स्थळ हवं होतं. सुमंत पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. दोन वर्षांपूर्वी तरुण संघाच्या शिबिरात मी त्याला पाहिलं होतं. वीज गेली, वक्त्यांचं भाषण अर्ध्यावर राहिलं, सगळे कुरकुरायला लागले, तर हा उठला, ढोलकी ओढली आणि अंधारात अर्धी रात्र सगळ्यांना गायला लावलं. मला तो आवडला. आवडला म्हणजे आवडलाच, आता या वयात लपवायचं काय? नंतर त्याचं नाव निघालं की माझे कान टवकारायचे, पण पुढं होऊन बोलणार कोण?

आणि हे स्थळ येण्याच्या काही महिने आधी पुण्याच्या एका साहित्य समितीनं माझ्याकडे एक टंकलिखित बाड पाठवलं होतं. नाव होतं 'सुगम ख्रिस्ती सिद्धांतमाला', आणि खाली लिहिलेलं, 'पाळकांसाठी व सर्वसामान्य विश्वासणाऱ्यांसाठी'. देव, सृष्टी, पाप, तारण, मंडळी, शेवटचा न्याय, सगळं एकाच ग्रंथात, क्रमवार. ग्रंथ छापण्याजोगा आहे का ते तपासून द्या, असं समितीचं म्हणणं. त्यांची पद्धत अशी की परीक्षकाला लेखक कोण ते सांगायचं नाही आणि लेखकाला परीक्षक कोण ते कळू द्यायचं नाही.

मी ते बाड अथपासून इतिपर्यंत वाचलं. लेखक दांडगा विद्वान होता. कुठलीही शंका काढा, तिच्यावर चार मतं आणि चारांची उत्तरं तयार. पण भाषा! देवाशप्पथ, एकेक वाक्य वाचताना मध्ये बसून पाणी प्यावं लागायचं. मी समासात शेरे लिहीत गेले. तरुण होते, पेन हातात होतं, नाव कळणार नव्हतं. मग काय विचारता!

तर आता परत पोह्यांवर या.

"काय हो लिहिलं त्या परीक्षकानं?" दादांनी विचारलं. दादा मिशन दवाखान्यात कंपाउंडर. समोरच्याचं दुखणं काय ते विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"काय लिहिलं?" पाळकसाहेबांनी बशी खाली ठेवली. "पाठ आहे मला, खरातभाऊ. ऐका. 'शीर्षकातून सुगम हा शब्द काढावा, किंवा तो पुस्तकात आणावा.'"

सुमंतला ठसका लागला. सगुणामावशीनं त्याच्या पाठीवर थापटलं.

"पुढं ऐका. 'लेखक विद्वान आहेत. परंतु त्यांनी हा मजकूर जिवंत माणसाला कधी मोठ्यानं वाचून दाखवलेला दिसत नाही.' जिवंत माणसाला! म्हणजे मी काय कबरस्तानात उपदेश करतो? शास्त्रात एकदाच एक गाढवी बोललेली आहे, आणि तीही शहाणपणाचं बोलली. हा आपला नुसताच बोलतोय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. महिनाभर माझ्या टेबलावर ते बाड तिनं पाहिलं होतं. रोज केर काढताना उचलून ठेवत होती. तिचं तोंड उघडायला लागलं. "अगं सलोमी, तो तुझा गठ्ठा..."

मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला.

"कसला गठ्ठा?" मावशीनं विचारलं.

"धोब्याचा," आई कळवळत म्हणाली. माझी आई देवळातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. आयुष्यात तिनं बोललेली खोटी वाक्यं हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातलं हे एक.

या माणसाला कळलं की संपलं. वीस वर्षांच्या कामावर जिनं असे शेरे मारले, तिला हा सून म्हणून कशाला नेईल? मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, आता विषय बदल. हवेबद्दल बोलू दे, उसाबद्दल बोलू दे, माझ्या वयाबद्दलसुद्धा चालेल.

पण दादा! दादांना काय सुचलं कोण जाणे. "पाळकसाहेब, पुस्तक सर्वसामान्य विश्वासणाऱ्यांसाठी आहे म्हणता ना? मग आम्ही बसलोय की. वाचा थोडं. आम्हीच सांगतो कळतं की नाही."

पाळकसाहेबांचा चेहरा असा उजळला की मला वाईटच वाटलं. शबनम पिशवी त्यांच्या खांद्यालाच होती. मुलगी पाहायला येताना माणूस ग्रंथाचं बाड बरोबर आणतो यावरून काय ते समजा. त्यांनी चष्मा पुसला, पानं काढली आणि घसा खाकरला.

"'खंडणीतत्त्वाचे अधिष्ठान ईश्वरी न्यायाच्या परिपूर्तीत अनुस्यूत असून तद्विषयक मतचतुष्टयाचा परामर्श प्रस्तुत स्थळी घेणे क्रमप्राप्त ठरते...'"

वाचन चाललं. सगुणामावशीनं पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. दादांनी डोळे मिटले, आम्ही समजलो मनन करताहेत. थोड्या वेळानं मनन घोरायला लागलं. सुमंत छताकडे पाहत होता. एकटी आई भुवया वर करून ऐकत होती, आणि मध्येच तिनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"पाळकसाहेब, रागावू नका. खंडणी म्हणजे तीच का, गुंड लोक बाजारात दुकानदारांकडून घेतात ती?"

"अहो बाई, नाही! हा शास्त्रातला शब्द आहे. जुना शब्द. ख्रिस्तानं आपला प्राण आपल्या सुटकेसाठी मोल म्हणून दिला, ती खंडणी."

"हां, ते कळलं. दिली," आई म्हणाली. "पण कुणाला दिली?"

"अं?"

"खंडणी म्हटल्यावर घेणारा कुणीतरी असणारच ना? आता सैतानाला दिली म्हणावं, तर देव त्या मेल्याचं देणं कशाला लागतो? आणि देवाला दिली म्हणावं, तर मग देवच..." पुढचा शब्द पाळकांसमोर उच्चारायची तिची छाती होईना.

दादा जागे झाले. "बरोबर आहे तिचं. कुणाला दिली?"

पाळकसाहेबांनी पानं उलटली. "यावर चार मतं आहेत. पहिलं मत..." ते थांबले. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, दिसतच होतं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पानं मांडीवर पालथी घातली, आणि त्यांचा आवाजच बदलला.

"खरातबाई, तुम्ही कोंडवाडा पाहिलाय?"

"आमच्या गावी होता की. मोकाट जनावरं कोंडायचे."

"आमची एक गाय होती. कपिली. आम्ही गावकुसाबाहेरचे, त्यात नवे ख्रिस्ती झालेले. पाटलाच्या उसात शिरली ती एकदा. नेली आणि घातली कोंडवाड्यात. दंड भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. दंड भरायला घरात होतं काय? मी लहान, रडून रडून घर डोक्यावर घेतलं. माझा बा उठला, खांद्यावर घोंगडी टाकली, गेला. राखणदाराला म्हणाला, पैका नाही, पण मी आहे. गाय सोड, मी आत राहतो. कोंडवाडा साफ करतो, सगळ्या जनावरांना पाणी पाजतो, तू म्हणशील तोवर. राखणदाराला वाटलं थट्टा करतोय. पण बा खरंच आत शिरला, शेणात, चिखलात, आणि आतून कपिलीला बाहेर ढकललं. बाहेर मी उभा होतो. तिचं दावं माझ्या हातात आलं."

सगुणामावशीनं पदर डोळ्यांना लावला होता.

"आता तुम्ही विचारता, दंड कुणाला भरला? पाटलाला, राखणदाराला, सरकारला? वीस वर्षं मी हेच कोरत बसलोय. पण बाई, त्या गाईला जाऊन विचारा. ती म्हणेल, मला काय ठाऊक कुणाला? मी आत होते. बा आला. मी घरी गेले."

"अगं बाई!" आई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "असं आहे होय! मग हे सरळ सांगा की!"

"हे पुस्तकात का नाही?" मी म्हटलं.

बोलायचं नाही ठरलं होतं, तोंडाला कुलूप होतं, सगळं होतं. पण तो प्रश्न बाहेर पडलाच.

पाळकसाहेब हसले. "बाळ, गाईगुरांच्या गोष्टी सिद्धांताच्या ग्रंथात घालतात का कुणी?"

"घालायलाच पाहिजेत! सबंध नवव्या प्रकरणात एकसुद्धा माणूस नाही, पाळकसाहेब. गाय तर लांबच. सुटका, सुटका म्हणता आणि सुटलेलं कुणी दिसतच नाही. अकराव्यात तेच. मंडळीवर एवढं मोठं प्रकरण, आणि देवळात कुणी बसलेलंच नाही! हे असं बोलता तुम्ही, आणि लिहिताना कुठं जातं ते?"

मग मी थांबले. फार उशिरा थांबले.

पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं होतं एक पान. त्यावर प्रकरणाचा आकडाही नव्हता. अकराव्याचं तर त्यांनी नावच काढलं नव्हतं.

"अकरावं मंडळीवर आहे," ते हळू म्हणाले, "हे तुला कसं ठाऊक?"

आई म्हणाली, "धोब्याचा..." सगुणामावशीनं कपाळावर हात मारला. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पाचवं स्थळ हातचं गेलं एवढं कळलं होतं.

"मी होते," मी म्हटलं. "परीक्षक. समितीनं माझ्याकडे पाठवलं होतं. लेखक कोण ते मला ठाऊक नव्हतं. शेरे फार तिखट लिहिले, तेवढं माझं चुकलं. पण खोटं एकही लिहिलं नाही."

पाळकसाहेब उठले. बाहेर ओट्यावर गेले आणि पाठमोरे उभे राहिले. दादा त्यांच्या मागं निघाले, तर सुमंतनं त्यांना खुणेनं थांबवलं. मी भिंतीला टेकले. मला वाटलं, बस, पाचवंही गेलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ग्रंथाचं काही वाटलं नाही, अंधारात ढोलकी वाजवणारा तो माणूस तेवढा दिसत होता, आणि तो तर समोरच बसला होता.

ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"तू शेवटपर्यंत वाचलंस?"

"हो."

"शेवटच्या पानावरसुद्धा तुझा शेरा आहे. टाइपाची चूक दाखवलीयेस. 'अनंतकाळ'चं 'अंतकाळ' झालं होतं."

"हो."

"बाळ, वीस वर्षांत हे पुस्तक मी सगळ्यांना दिलं. बिशपसाहेबांना दिलं, वर्गमित्रांना दिलं. सगळे म्हणाले, वा, महान कार्य. दहाव्या पानाच्या पुढं एकानंही वाचलं नाही. मी मुद्दाम मध्ये कोरी पानं घातली होती, कुणालाच दिसली नाहीत. सुमंतच्या आईनं ऐकलं असतं, पण ती प्रभूत निजली तेव्हा मी जेमतेम दुसऱ्या प्रकरणापर्यंत लिहून आलो होतो. आणि मग तुझे शेरे आले. मी त्या परीक्षकाला नावं ठेवतो, प्रवासात ठेवतो, प्रार्थनेत ठेवतो. अगं, पण रोज सकाळी उठून तेच शेरे काढून वाचतो! माझ्या प्रत्येक पानावर कुणीतरी बसून गेलंय. मला दुसरं काय हवं होतं?"

मी रडत होते की हसत होते ते आता सांगता येत नाही. दोन्ही असावं.

"नुसती रडतेस काय?" त्यांनी बाड माझ्या मांडीवर ठेवलं. "पेन आण. दहावं प्रकरण काढ. 'शब्दजंजाळ' असं लिहिलंयस तिथं. कुठला शब्द जंजाळ आहे, दाखव बरं मला."

आणि आम्ही बसलो. मी म्हणायचे, हे वाक्य मोडा, ते म्हणायचे, जीव घे माझा, मग मोडायचे. एखाद्या ठिकाणी अडलं की आईला हाक मारायची. "खरातबाई, 'नीतिमान ठरवणे' म्हणजे काय समजता?" आई चुलीपुढून ओरडून सांगायची. तिला समजलं तर ठेवायचं, नाही समजलं तर खोडायचं. दादा म्हणाले, "आता मलाही विचारा काहीतरी," म्हणून त्यांना पवित्र आत्म्यावरचं प्रकरण दिलं. मधल्या वेळात पोहे पुन्हा गरम झाले आणि कुणी आशीर्वाद न मागताच संपले. पाळकसाहेब एका ठिकाणी इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या बाई डोकावून गेल्या.

दिवस कलला तशी सगुणामावशी मध्ये येऊन उभी राहिली. पाहुण्यांची गाडी चुकत होती.

"अहो पाळकसाहेब, आपण आलो कशाला होतो? मुलगी पसंत आहे का नाही, तेवढं तरी सांगा!"

पाळकसाहेबांनी वर पाहिलंच नाही. "परीक्षक पसंत आहे. मुलीचं सुमंतला विचारा. आणि मुलाचं तिला विचारा, ती कुणाचं ऐकून मत देत नाही."

सुमंत! मी दचकून इकडं तिकडं पाहिलं. खोलीत तो नव्हताच. दिवसभरात माझं त्याच्याशी एक अक्षरही बोलणं झालं नव्हतं.

तो स्वयंपाकघरातून आला, हातात कपबश्यांचा ट्रे घेऊन. बाकी सगळे सिद्धांतात गुंतलेले, म्हणून चहा त्यानं एकट्यानंच केला होता. सगळ्यांना देऊन शेवटचा कप त्यानं माझ्यापुढं धरला.

"माझं तर शिबिरातच ठरलं होतं," तो हळूच म्हणाला. "वीज गेली तेव्हा सगळे कुरकुरत होते, तुम्ही एकट्याच म्हणत होतात की बरं झालं, भाषण चुकीचंच चाललं होतं. मावशीला इकडं मीच पाठवलं. आता तुम्ही सांगा."

मी घोट घेतला. साखर नव्हती, आलं इतकं होतं की डोळ्यांत पाणी आलं, आणि चहा खाली लागून करपला होता. सगळं घर माझ्या तोंडाकडे पाहत होतं. पाळकसाहेबांनीसुद्धा पेन थांबवलं होतं.

"फार सुंदर झालाय," मी म्हटलं.

माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढा एकच शेरा मी खोटा दिला.